कोणाला कळतंय!

लेस्टर जंगची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्याचा सुरा माझ्या गळ्यावर होता.

"घाबरलीस?" तो पुटपुटला.

"सुरा लाकडी आहे. थरथरतोय तुझाच हात."

"ते... सुऱ्यामुळे नाही."

हॉलिवूडमध्ये नुकतीच बोलपटांची धामधूम सुरू झाली होती. आमच्या गुन्हेगारीपटात चिनी टोळीचा म्होरक्या झाला होता एक गोरा नट — डोळ्यांच्या कडा चिकटपट्ट्यांनी ताणून! आम्ही खरे चिनी फक्त मारायला आणि मरायला. तोंडी एक वाक्य नाही.

मरता मरता आठ दिवसांत मी लेस्टरच्या पार प्रेमात पडले. तो भेटायला आला तर बाबांनी आमच्या जडीबुटीच्या दुकानाचं दारच लावून घेतलं. "पडद्यावर आपल्या लोकांना खुनी दाखवतो, त्याला मी मुलगी देऊ?"

शेवटच्या दिवशी दिग्दर्शक म्हणाले, "कंदिलात मायक्रोफोन लपवलाय. तुमच्या भाषेत काहीतरी भयंकर बडबडा. कोणाला कळतंय!"

कॅमेरा फिरू लागला. लेस्टरने सुरा उगारला, डोळे वटारले आणि कँटनीजमध्ये गरजला, "एफी क्वान! हे लोक मला रोज खुनी करतात, पण मी सरळ माणूस आहे गं! माझ्याशी लग्न करशील?"

मला किंचाळायचं होतं. किंचाळलेच — "करीन! पण माझ्या बाबांना विचार!"

"झकास!" दिग्दर्शकांनी टाळी वाजवली.

चायनाटाउनात सिनेमा लागला. बाबांना मी अक्षरशः ओढून नेलं. तोंड वाकडं करून ते खुर्चीत बसले. मग तो प्रसंग आला... आणि थिएटर दणाणलं! शिट्ट्या, टाळ्या, आज्या तर बाहीत तोंड लपवून हसत होत्या. हॉलिवूडच्या इतक्या सिनेमांत पहिल्यांदाच आपलं माणूस आपल्या मनातलं बोललं होतं.

बाबा ताडकन उठले. मी त्यांचा हात धरला.

"ए, रीळ मागे घे!" ते वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीकडे बघून ओरडले. "परत दाखव! पोरगी काय ठणकावून बोलली!"

मग वळून, शेवटच्या रांगेत लपून बसलेल्या लेस्टरकडे — "आणि तू रे, जंगांच्या! तिने विचारायला सांगितलंय ना? मग विचार की!"

लेस्टर उभा राहिला. घसा खाकरला... आणि विचारलं.

बाबांनी तोंड उघडायच्या आत अख्खं थिएटर "हो!" म्हणून मोकळं झालं.