आत्याच्या खोलीतला बंद फोन

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पण यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही.

ज्याच्यावर बेतलं तो माझा चुलतभाऊ, आमचा दादा. आणि भुतं रात्रीच येतात या भ्रमात राहू नका. हे घडलं भर दुपारी, लोकांची जेवणं चालू असताना, एका वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर.

दादा तिथले कॉम्प्युटर आणि फोन सांभाळायचा. बिनखिडकीची खोली, पंख्यांची घरघर, भिंतीवर तारांचं जंजाळ.

तिथले फोन जरा वेगळे. त्यांना विजेचा प्लगच नाही. नेटवर्कच्या ज्या तारेतून आवाज जातो, त्याच तारेतून वीजही येते. कॉम्प्युटरवर प्रत्येक फोनापुढे बरोबरची खूण असायची. दादानं ती काढून टाकली की वरच्या मजल्यावरचा फोन जागच्या जागी मरायचा. जिना चढायलाही नको.

आमची आत्या तिथेच राहायची, दुसऱ्या मजल्यावर. दादाची आई लवकर गेली. त्याला लहानाचं मोठं आत्यानंच केलं. तिच्या खोलीत फोन दादानंच हौसेनं बसवून दिला. झालं! आत्या दिवसभर सुरू.

"जेवलास का रे?"

"आवाज बसलाय तुझा. गरम पाणी पी."

ऑफिसातले चिडवायचे, "घ्या, हेडऑफिसचा फोन!"

एकदा मोठे साहेब समोर बसलेले. फोन वाजला, आणि घाईत दादाचा हात स्पीकरच्या बटणावर पडला. "डबा संपवलास का रे सोन्या?" साहेबांना हसू आवरेना. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब गेल्यावर त्यानं आत्याच्या फोनापुढची खूण काढून टाकली. आजच्यापुरतीच, असं स्वतःला सांगितलं.

पण शांततेची चटक लागते हो. खूण परत लागलीच नाही.

"आत्या, फोन बिघडलाय गं. पार्ट मागवलाय."

"असू दे रे. सावकाश कर." वर तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग ती दुपार आली.

दादा एकटाच होता. आणि...

टेबलावरचा फोन वाजला.

पडद्यावर आत्याच्या खोलीचा नंबर.

कुणीतरी खूण परत लावली असेल, असं वाटून त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं...

खूण नव्हती. त्या तारेत वीज शून्य.

फोन वाजतच होता.

उठून त्यानं आत्याच्या खोलीची तार उपसून काढली. तारेचं टोक त्याच्या हातात लोंबत होतं...

तरीही फोन वाजत होता.

त्यानं उचलला. "आ... आत्या?"

शब्द नाही. फक्त श्वास. जिना चढल्यावर तिला दम लागायचा, तसा.

तेवढ्यात दार ढकलून नर्स आत आली. "दादा, लवकर वर चला. तुमच्या आत्या..."

आत्या खुर्चीतच गेली होती. रिसीव्हर कानाशी घट्ट धरलेला. फोनचा पडदा काळाकुट्ट.

"रोज दुपारी अशाच बसायच्या," शेजारच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या. "मी माझा फोन आणून त्यांच्या तारेला लावून बघितला. तोही पेटला नाही. म्हटलं, साहेबांकडे तक्रार करू. तर माझा हातच धरला त्यांनी. नको म्हणाल्या."

दादानं आत्याच्या हातातला रिसीव्हर हळूच सोडवून घेतला.

घरी सगळे त्याचंच कौतुक करत होते. "तू होतास म्हणून तिचं म्हातारपण सुखात गेलं." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

तो पुन्हा कामावर गेला. ती तार तशीच लोंबत होती. जोडायची हिंमत होईना.

आणि जेवणाच्या सुट्टीत...

फोन वाजला.

तोच नंबर.

या वेळी दादाचा बांधच फुटला. "आत्या, फोन बिघडला नव्हता गं! मीच बंद केला होता. मला तुझी लाज वाटत होती!" तो लहान मुलासारखा ओरडत होता, रडत होता.

पलीकडे श्वास थांबला.

मग अगदी कानाजवळ, हलक्या आवाजात...

"हळू बोल रे सोन्या. कुणी ऐकेल."

फोन बंद झाला. त्यानंतर त्या नंबरावरून फोन कधीच आला नाही.

हे सगळं दादानं मला कुजबुजत सांगितलं, मान खाली घालून. घरात आम्ही दोघंच होतो.

"अरे, इथे कोण ऐकतंय?" मी विचारलं.

तो नुसता माझ्या मागे, भिंतीकडे बघत राहिला.