मुकी झालेली मोटार

“कुणी उडी मारू नका! पाय आत घ्या आणि घट्ट धरून बसा!”

तय्यबमामूंचा एवढा मोठा आवाज जहाँआराने कधीच ऐकला नव्हता. ती त्यांच्या शेजारीच बसली होती, त्यामुळे तिला सगळं दिसलं. मामूंचा पाय ब्रेकवर होता आणि ब्रेक पार खालच्या फळीला टेकला होता. तरीही मोटार घोड नदीच्या उतारावरून क्षणाक्षणाला वेग घेत होती. मामूंनी हातब्रेकचा दांडा ओढला. काहीच फरक पडला नाही. खाली नदीकाठाशी कांद्याने भरलेल्या तीन बैलगाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या.

मामूंनी जहाँआराच्या धाकट्या भावाला, जलालला, भोंगा दाबत राहायला सांगितलं. मग त्यांनी गिअर खालचा टाकला. इंजिन कर्कश ओरडलं आणि सगळ्यांना पुढे हिसका बसला. वेग थोडा उतरला, पण पुरेसा नाही. तेव्हा त्यांनी मोटार डावीकडे दाबली. त्या बाजूला रस्त्याच्या कडेला मातीची उंच दरड होती. तिला घासत, धुरळा उडवत मोटार खाली आली आणि रस्तादुरुस्तीसाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात शिरून थांबली. पहिली बैलगाडी तिथून वीस पावलांवर होती.

सगळे वाचले. फक्त मागच्या बाकावरच्या साळुबाई खाली पडल्या आणि त्यांचा डावा हात मोडला. त्या मंचरच्या बाजारात कांदे-बटाटे विकत. नदीकाठच्या गावातल्या हाडवैद्याने त्यांच्या हाताला बांबूच्या कांबी बांधल्या आणि पाटलांनी फौजदारांना बोलवायला मंचरला घोडेस्वार धाडला.

ही गोष्ट १९२४ सालच्या मे महिन्यातली. जुन्नर ते मंचर धावणारी ही मोटार धर्माजीशेठची होती. पुण्याच्या कुण्या साहेबाने बारा वर्षं वापरून टाकलेली ती मोटार त्यांनी विकत घेतली होती. त्याआधी त्यांच्या वीस बैलगाड्या होत्या, आणि मोटारीलाही ते ‘गाडी’च म्हणत. जहाँआरा, जलाल आणि शेजारी राहून शिकणारा डिंगोरे गावचा भागू असे तिघे सुट्टीत भागूच्या मावशीकडे निरगुडसरला निघाले होते. मावशीच्या विहिरीत पोहायचं आणि आंबे खायचे, एवढाच त्यांचा बेत होता.

तो बेत आता कुणाच्या लक्षातही नव्हता.

मामू मोटारीखाली शिरले. त्यांनी ब्रेकचा प्रत्येक दांडा, प्रत्येक खिळा हाताने चाचपून पाहिला. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. काहीच तुटलेलं नव्हतं.

धर्माजीशेठही त्याच मोटारीत होते. ते आधी मागच्या चाकापाशी वाकले, क्षणभर थांबले आणि मग जमलेल्या लोकांकडे वळले.

“ऐकलं न्हवं? काय बी मोडल्यालं न्हाई. मंग बिरेक लागला न्हाई कसा? यानं पाय लावलाच न्हाई. डुलक्या घेत व्हता गडी.”

लोकांनी माना डोलावल्या. मामू एकदाच म्हणाले, की मी पाय लावला होता. चौदा वर्षं त्यांनी मोटारी चालवल्या होत्या. फौजदारांनी आज लायसन काढून घेतलं, तर पुन्हा कधी चाक हातात येणार नव्हतं.

“मी बघितलंय,” जहाँआरा पुढे होऊन म्हणाली. “मामूंचा पाय ब्रेकवरच होता. तो फळीला टेकला होता.”

“मोठ्या माणसांत पोरींनी बोलू नाय,” धर्माजीशेठ म्हणाले आणि लोक हसले.

जहाँआराच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं. ज्याने मामूंचा पाय पाहिलाच नव्हता, तो धडधडीत खोटं बोलत होता. आणि जिने जवळून पाहिलं, तिने मात्र गप्प बसायचं! ती बाभळीखाली जाऊन बसली. भागू आणि जलाल मागोमाग आले. भागू तर धर्माजीशेठच्या पागोट्यात खाजकुयली टाकायला तयार होता.

“त्याने मामूंचं लायसन वाचणार नाही,” जहाँआरा म्हणाली. “नीट आठवा. आज रोजच्यापेक्षा वेगळं काय झालं?”

जलालने डोकं खाजवलं. “आज मोटार ओरडली नाही.”

दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. खरंच! थांबताना ही मोटार अशी किंचाळायची, की जुन्नरच्या पेठेत बायका कानांवर हात ठेवायच्या. तो आवाज ब्रेकचा होता. आज नारायणगावला थांबतानासुद्धा चूं की चां झालं नव्हतं. ब्रेक जरा ढिला वाटला म्हणून मामूंनी तिथे उतरून ब्रेकचे नट आवळले होते, एवढंच.

भागू मोटारीच्या मागे गेला. बैलगाडीखाली टांगतात तसा वंगणाचा बांबूचा नळा या मोटारीच्याही मागे टांगलेला होता. सकाळी तो बघून तिघेही पोट धरून हसले होते. भागूने आता त्यात बोट घातलं. नळा जवळजवळ रिकामा होता. मग त्याने मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट घातलं, हुंगलं आणि म्हणाला, “एरंडेल हाय. आन् जाळलेल्या पेंढ्याची राख. आमी आसाला लावतो तेच वंगण, पर हितं कशाला लावलंय?”

जहाँआराला मामूंनी मागेच दाखवलं होतं. चाकाला आतून लोखंडी डबा जोडलेला असतो आणि ब्रेक दाबला की चामड्याचा पट्टा त्या डब्याला आवळून धरतो. तिने भागूला विचारलं, की तेलकट हातांनी विहिरीवरची दोरी धरली, तर भरलेली कळशी वर येईल का? भागूने नकारार्थी मान हलवली. इथेही तसंच झालं होतं. सपाटीवर वंगण घट्ट होतं, म्हणून मोटार कशीबशी थांबत होती. उतारावर पट्टे तापले, वंगण पातळ होऊन पसरलं, आणि पट्टे नुसते घसरत राहिले.

“काल मामू जुम्म्याच्या नमाजाला गेले होते ना,” जलाल हळूच म्हणाला, “तेव्हा शेठ बाह्या वर करून मोटारीखाली होते. मला म्हणाले, घरी पळ.”

इतक्यात धर्माजीशेठ गावातून येताना दिसले. त्यांच्या एका हातात रॉकेलचा डबा होता आणि दुसऱ्यात चिंध्या.

म्हणजे त्यांनाही कळलं होतं! चाकापाशी वाकले तेव्हाच कळलं होतं. कळूनही त्यांनी मामूंवर आळ घातला होता, आणि आता पुरावा पुसायला निघाले होते. जहाँआरा थेट साळुबाईंकडे धावली आणि तिने सगळं सांगून टाकलं. साळुबाईंनी मोडका हात सांभाळत शांतपणे ऐकून घेतलं, मग त्या उठल्या आणि मोटारीच्या पायरीवर, मागच्या चाकाला पाठ लावून बसल्या.

“साळुबाई, उठा. गाडी धुयाचीय,” शेठ म्हणाले.

“धुवा की. पर मी काय उठत न्हाई. माझा हात लई ठणकतोय, अन् हितं सावली हाय.”

“दुसऱ्या बाजूनं धुतो मंग.”

दुसऱ्या चाकाला टेकून भागू आणि जलाल बसले होते. शेठनी आवाज चढवला तशा साळुबाई म्हणाल्या, “पोरांस्नी हात लावला तर मी बोंब ठोकीन. माझा एक हात मोडलाय, तोंड न्हाई.”

तीनच्या सुमाराला फौजदार आले. शेठनी आपलं म्हणणं मोठ्या रुबाबात मांडलं. फौजदारांनी मामूंकडे लायसन मागितलं. मामूंनी ते खिशातून काढून पुढे केलं.

“साहेब, थांबा,” जहाँआरा म्हणाली. “तुम्ही माझं ऐकू नका, मामूंचं नका आणि शेठचंही नका. चाकालाच विचारा.”

फौजदारांच्या मिश्या हलल्या. त्यांनी मानेनेच परवानगी दिली.

जॅक लावून मागचं एक चाक उचललं. गिअर सोडवला. ब्रेकवर पाय ठेवायला जहाँआराने मुद्दाम फौजदारांनाच बसवलं. त्यांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला आणि तेरा वर्षांच्या भागूने एका हाताने चाक गरगर फिरवलं. लोकांत कुजबूज सुरू झाली. मग मामूंनी पट्टा सोडवला, शेठच्याच रॉकेलने पट्टा आणि चाकाचा डबा धुतला, चिंध्यांनी कोरडा केला, राखेने घासला आणि पट्टा पुन्हा बसवला. फौजदारांनी पुन्हा ब्रेक दाबला. भागूने दोन्ही हात लावले, मग जलाल लटकला, मग पाटलांचा पैलवान गडी पुढे झाला. चाक तसूभर हललं आणि त्याने अशी किंकाळी फोडली, की बैलांनी कान टवकारले.

“हीच ती!” जलाल ओरडला.

दुसरं चाक मुद्दाम न धुता तपासलं. ते मुकाट्याने फिरलं. शेवटी भागूने वंगणाचा नळा फौजदारांसमोर धरला.

“चाक वरडलं की गाडीवानाची अब्रू जाती, साहेब,” धर्माजीशेठ अखेर म्हणाले. “सारं जुन्नर हसायचं मला. तय्यबला लई येळा म्हटलं वंगण घाल, तो नको म्हणायचा. मंग मीच घातलं.”

“वंगण घातलंत ते अज्ञानाने,” फौजदार म्हणाले. “पण सकाळपासून या माणसाला खोटं पाडलंत, ते कशाने?”

फौजदारांनी लायसन मामूंच्या हातात परत दिलं. शेठवर रीतसर खटला भरणार असल्याचं त्यांनी सांगितलं, आणि जे सकाळी ओरडून बोलला होतात, त्याची चूक आत्ता याच लोकांसमोर तेवढ्याच मोठ्याने कबूल करा, असं बजावलं. शेठनी कबूल केली. पहिल्यांदा आवाज फुटेना, तेव्हा साळुबाई म्हणाल्या, की मागच्यांना ऐकू आलं न्हाई.

मग फौजदार मुलांकडे वळले. चौकशीला आलेला माणूस मी, पण चौकशी तुम्ही केलीत, असं म्हणून त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. पाटलांनी सकाळच्या हसण्याबद्दल जहाँआराची सर्वांसमोर माफी मागितली. मामूंनी लायसन खिशात नीट ठेवलं आणि जहाँआराच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवला.

दुसरंही चाक धुऊन मोटार निघाली ती संध्याकाळी मंचरच्या बाजारात पोहोचली. थांबताना तिने अशी काही किंकाळी फोडली, की बटाट्यांच्या ढिगांमागून माणसं डोकावली. बाजारातल्या एकीने कानांवर हात ठेवून विचारलं, की कसला हा भेसूर आवाज.

“वरडू दे तिला,” साळुबाई पायरीवरून उतरत म्हणाल्या. “ती गप व्हती तेवाच माझा हात मोडला.”