दोन खांब, एकच नाव

"कानावर मार, कानावर!"

मलांबोने भिरकावलेलं मक्याचं बुरकुंड थेट येलेसानीच्या कानशिलावर बसलं. पोरं खिदळली. राखणदार येलेसानी सकाळपासून चिंचेला बांधलेला होता. रात्री हत्तींनी गावप्रमुखाचं मक्याचं शेत तुडवलं आणि हत्ती दिसताच वाजणारा, नदीकाठच्या खांबावरचा नवाकोरा भोंगा वाजलाच नाही! "राखणदारानं झोपेत तार तोडली," असं भोंगे बसवणारे सिलवांबा साहेब म्हणाले. मग काय, गावाने त्याला आधी बडवलं आणि नंतर बांधलं.

सुट्टीसाठी आलेली त्याची मुलगी तासिला त्याच्यासमोर उभी राहिली. पुढचं बुरकुंड तिच्या कपाळावर आदळलं.

"झोपाळूची पोर!"

ती रडली नाही. तिची नजर भोंग्यांच्या दोन खांबांकडे होती, एक टेकडीवर, दुसरा नदीकाठी. टेकडीवरच्या खांबाचा हिरवा दिवा लागला की नदीकाठचा विझत होता. टेकडीवरचा विझला की नदीकाठचा लागे!

"कोंद्वानी, बघ ना!" तिने मामेभावाला ओढलं. "दोघं एकमेकांचा गळा धरतायत!"

"मग साहेबाला सांगू या."

"तो ऐकेल होय? त्याला फुगवायला हवं. मलांबो, तू नदीवर जा आणि खांबाच्या हत्ती टिपणाऱ्या डोळ्यासमोर फांदी हलवत राहा."

"मी? तुझ्यासाठी?"

"घाबरलास?"

"हट्!" मलांबो धावत सुटला.

टेकडीवर सिलवांबा साहेब गावप्रमुखाला यंत्राचं कौतुक ऐकवत होते. कोंद्वानीने तासिलासोबत वर येऊन तोंडभर हसत विचारलं, "साहेब, खांबावरचा हा डबा फक्त तुम्हालाच उघडता येतो ना? बंद करून दाखवा की!"

"बघ, शीक काहीतरी!" साहेबांनी ऐटीत किल्ली फिरवली. टेकडीवरचा दिवा विझला.

थोड्या वेळाने नदीकडून भोंग्याने अशी आरोळी ठोकली की कोंबड्या छपरावर चढल्या!

"तार तुटली होती ना?" तासिला ओरडली. "मग वाजला कसा?"

साहेबांचा चेहरा उतरला. "लॅपटॉप उघडा," गावप्रमुख गुरगुरले. पडद्यावर दोन्ही खांबांपुढे एकच नाव होतं: नदी.

"प्रत्येक खांबात त्याची स्वतःची फाईल भरायची असते," साहेब पुटपुटले. "त्यात त्याचं नाव, पत्ता… घाईत मी नदीचीच फाईल दोन्हींत भरली. एक बोलायला लागला की दुसरा मुका होतो."

"आणि मार माझ्या बाबांनी खाल्ला!"

साहेबांनी टेकडीची फाईल टेकडीच्या खांबात भरली. कोंद्वानीने त्याच्या डोळ्यासमोर हात हलवला आणि या वेळी दोन्ही भोंगे एकदम किंचाळले. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"शाबास, पोरांनो!" गावप्रमुख म्हणाले. "या पोरीची अक्कल अख्ख्या गावात कुणाला नाही! तिला कोंबडी वाढा!"

"आधी बाबांना सोडा."

"अरे हो, विसरलोच की," गावप्रमुख हसले.

खाली चिंचेपाशी दोर कापला गेला. तासिलाने नशिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि कोंबडीचं ताट बापासमोर ठेवलं. येलेसानीने हात पुढे केला, पण काळीनिळी सुजलेली बोटं वळेनात. घास ताटातच पडला. कुणीतरी फिसकन हसलं. या वेळी नदीवरून परतलेल्या मलांबोने हसणाऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला.

तासिलाने घासाचा गोळा केला आणि बापाच्या तोंडाशी धरला.

"चावा, बाबा. सावकाश. बघू देत त्यांना."