तीन पडदे, दोन स्क्रू

ऋतुजा साळुंखे जिना चढून आली तेव्हा महिपतराव जुन्या फायलींवर क्रमांक टाकत बसले होते. शुक्रवार पेठेतली ही खोली राजनंदिनी बाबरची. ती खासगी तपास करायची आणि महिपतराव तिला मदत करतात, असं लोक म्हणत. खुद्द त्यांना याची खात्री नव्हती. चाळीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेल्या माणसाला क्रमांक टाकण्यापलीकडे काय येणार?

“सर, तुम्ही इथं?” ऋतुजा दारातच थबकली. शाळेत असताना ती दर शनिवारी पुस्तक बदलायला यायची.

तिने राजनंदिनीपुढे एक कागद ठेवला. “उद्या अकराला चौकशी आहे. सोबत कुणाला तरी आणता येतं म्हणाले.”

आबासाहेबांच्या टॉवेलच्या कारखान्यात ती अकरा वर्षं डिझाइन करत होती. तिच्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले भिंतभर तीन पडदे. एकावर नक्षी, दुसऱ्यावर वीण, तिसऱ्यावर तयार टॉवेल जसा दिसेल तसा. दसऱ्यानंतर तो कॉम्प्युटर मधूनच बंद पडू लागला होता. पंधरा दिवसांत पाच वेळा, त्यातही दोनदा तर गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना.

“आबासाहेब म्हणतात, मी मुद्दाम बंद पाडते. मला दुसरीकडे जायचंय म्हणे.”

“जायचंय?”

“नाही. पण हा डाग लागला तर एमआयडीसीत मला कुणी माउसला हात लावू देणार नाही. दुसरं काही मला येत नाही, मॅडम.”

राजनंदिनीने नोटीस मोठ्याने वाचली. “‘आपण यंत्र वारंवार बंद पाडून संस्थेचे नुकसान केले आहे. ज्या विश्वासावर ही संस्था उभी आहे, त्याची वीण आपण आपल्या हाताने उसवली आहे.’ भाषा झकास आहे. आबासाहेबांची नाही ही.”

ते वाक्य महिपतरावांचं होतं. आबासाहेब स्वतः घरी आले होते. ‘एक मसुदा करून द्या सर, नावाची जागा मोकळी सोडा’ म्हणाले होते. चौथी माळ होती त्या दिवशी. घटासाठी शेवंती आणायची राहिली म्हणून बायको मागून कटकट करत होती. तरी महिपतरावांनी ते वाक्य तीनदा लिहून पाहिलं होतं. वहीत अजून तिन्ही होती.

सांगावं असं त्यांना वाटलं. पण मुलगी समोर बसली होती. त्यांनी फायलीवर पुढचा क्रमांक टाकला.

दुपारी राजनंदिनी आणि महिपतराव कारखान्यात गेले. आबासाहेबांनी हरकत घेतली नाही, फक्त मुलाला खोलीत बसवून ठेवलं. अभिमन्यू पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून नुकताच परतला होता.

“माझ्या हाताखाली एकदाही बंद पडला न्हाई,” तो खुर्चीत रेलून म्हणाला. “हाताला वळण पाहिजे.”

“किती पडदे लावता?” राजनंदिनीने विचारलं.

“एकच. तेवढा पुरतो की.”

“तिसरा पडदा घ्यायला कुणी लावला होता?”

“मीच. श्रावणात.” त्याने माउस बाजूला सरकवला. “आता सवय राहिली न्हाई.”

राजनंदिनीने एक पडदा लावला. अर्धा तास काही झालं नाही. दुसरा लावला, तरी सुरळीत. तिसरा लावून तिने टॉवेलचं रंगीत चित्र फिरवायला घेतलं आणि चौथ्या मिनिटाला सगळं एकदम काळं झालं. ना सूचना, ना संदेश. कुणी वायर उपटावी तसं.

“बघा,” अभिमन्यू म्हणाला. “तुम्हीपण बाईच.”

“व्हय की,” राजनंदिनी शांतपणे म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरच्या पेटीमागे विजेरी मारली. पेटीचं झाकण दोन मोठ्या स्क्रूंनी बसवलेलं होतं. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर हळदीचा एक आणि कुंकवाचा एक ठिपका सुकून बसला होता. “हे कुणाचं काम?”

ते केराबाईंचं निघालं. आता त्या झाडलोट करत. त्याआधी वीस वर्षं मागावर होत्या.

“खंडेनवमीची पूजा मीच करती,” केराबाई म्हणाल्या. “मागाला जितं जितं फिरतं तितं तितं हळदकुकू लावायचं, ही आमची रीत. हेच्यात फिरायचं काय दिसंना, मग मागल्या दोन इस्क्रूला लावलं. हळद वर, कुकू खाली.”

“नेहमी असंच?”

“उलटं कसं लावीन बाई? देवाला वर-खाली कळतंय.”

“पूजेनंतर?”

“मालकांनी खोलीला कुलूप घातलं. दसरा उलटस्तवर यंत्राला हात लावायचा न्हाय.”

महिपतराव वाकून स्क्रू बघू लागले. एकावर हळद खाली गेली होती, दुसऱ्यावर डावीकडे. म्हातारीचं लक्ष नसेल, असं त्यांना वाटलं. माणूस चुकतोच. त्यांच्याइतकं हे कुणाला ठाऊक होतं?

दुरुस्तीवाला संगमेश बाजारपेठेतल्या दुकानात सापडला. तो वैतागलेलाच होता.

“खंडेनवमीला सकाळी, पूजेच्या आधी मी तो उघडून आतली रुई ब्लोअरनं काढली. कापसाच्या कारखान्यात दर सणाला काढायला लागते. मग बंद पडायला लागला म्हणून दुकानात आणला. तीन तास चालवला, कुठं काय? ठणठणीत. तसंच लिहून दिलं.”

“इथं उघडला होता?”

“चालतंय ते कशाला उघडू मॅडम?”

“इथं पडदे किती?”

संगमेशने टेबलावरच्या एकुलत्या एक पडद्याकडे बघितलं. “एक,” तो म्हणाला आणि त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

परतताना राजनंदिनी म्हणाली, “काका, उद्या तुमची वही बरोबर घ्या.”

“कुठली?”

“ज्यात तुम्ही लोकांचे अर्ज लिहिता ती. मी वाक्य वाचलं तेव्हा तुम्ही एकाच फायलीवर दोन क्रमांक टाकलेत.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डिझाइनच्या खोलीत सगळे जमले. आबासाहेब टेबलामागे, शेजारी अभिमन्यू. दाराशी केराबाई आणि संगमेश. ऋतुजा उभीच राहिली.

“बोला,” आबासाहेब म्हणाले. “लवकर उरका.”

राजनंदिनीने ते दोन स्क्रू फिरवून काढले आणि झाकण उतरवलं. “हे चित्रांचं कार्ड. तीन पडद्यांचा भार यावर. त्याला वीज दोन वेगळ्या वायरींतून यायला हवी. इथं एकाच वायरीची दोन तोंडं लावलीत. एका नळावर दोन घरं म्हणा. एक पडदा चालतो, दोन चालतात. तिसरा लावून जड काम दिलं की वीज कमी पडते आणि सगळं बंद. संगमेश, हे तुम्ही जोडलंत?”

“न्हाई. मी फक्त रुई काढली. दोन वायरी होत्या तवा.”

“मला पटतं. पूजेनंतर स्क्रू फिरले नसते तर हळद वरच राहिली असती. काल एकाची खाली होती, एकाची बाजूला. फोटो आहेत. म्हणजे पूजेनंतर झाकण उघडून परत लावलं गेलं. दुकानात नाही, कारण पहिल्यांदा बंद पडला तो दसऱ्याच्या दुसऱ्या सकाळी. दुकानात गेला तो नंतर. राहिला मधला एक दिवस, दसऱ्याचा. कुलपाच्या किल्ल्या दोन. एक ऋतुजाकडे, एक तुमच्याकडे.”

“मग झालं की,” आबासाहेब म्हणाले. “तिनंच केलं.”

“ती मोहोळला सासरी होती. पण तुम्ही म्हणाल, रात्रीत येऊन गेली. म्हणून तो मुद्दा मी सोडते. अभिमन्यू, ज्या पडद्यासाठी तुम्ही हट्ट धरला, तो तुम्ही दसऱ्यानंतर एकदाही लावला नाही. तिसऱ्या पडद्याला काय होतं हे बंद पाडणाऱ्यालाच ठाऊक असणार.”

“हा काय पुरावा झाला?”

“नाही. पुरावा काकांकडे आहे. काका, वही.”

महिपतरावांनी वही काढली. चष्मा काढून पुसावा, तेवढा तरी वेळ मिळेल, असं त्यांच्या मनात आलं. मग ते तसेच उभे राहिले.

“आबासाहेब माझ्याकडे आले होते,” ते म्हणाले. “नाव मोकळं ठेवून लिहून दिलं. ‘यंत्र वारंवार बंद पाडून.’ तारीख आहे. चौथी माळ होती.”

“पूजा नवव्या माळेला,” राजनंदिनी म्हणाली. “यंत्र बंद पडलं त्यानंतर. जे घडलंच नव्हतं त्याची नोटीस आबासाहेबांनी आठवडाभर आधी लिहून घेतली होती.”

अभिमन्यू जमिनीकडे बघत म्हणाला, “आबाच म्हणाले.”

“पोराला कुटंतरी बसवायला लागतंय की,” आबासाहेब म्हणाले. “हिला उगीच काढलं असतं तर गिऱ्हाईक माझ्यावर उठलं असतं. हिच्या नक्षीवरच टिकलंय ते.” त्यांनी नोटीस उचलून फाडली. “घ्या, मिटलं. उद्यापासून ये कामाला.”

“नोटिशीची नक्कल कारखानदारांच्या संघाकडे गेली ना?” ऋतुजाने विचारलं. “आणि दोन गिऱ्हाइकांकडे.”

आबासाहेब तुकडे गोळा करत राहिले.

“मी पूजेला हुतेच की हितं,” केराबाई दारातून म्हणाल्या. “नवमीच्या दिशी ह्याच हातानं ह्या पोराला टिळा लावला, आन् दुसऱ्याच दिशी त्यानं त्येच इस्क्रू फिरवलं.” आणि त्या झाडू घेऊन निघून गेल्या.

संगमेशने दुसरी वायर जोडली. तिन्ही पडदे उजळले. ऋतुजाने आपली अर्धवट नक्षी एकदा तिन्हीवर फिरवून पाहिली, जतन केली, आणि एकेक पडदा बंद केला. किल्ली टेबलावर ठेवली.

फाटकाशी महिपतरावांनी तिला गाठलं. “ऋतुजा, मला माहीत नव्हतं कुणासाठी आहे. आणि काल कळलं तरी मी—”

“सर, एक सांगू?” ती थांबली. “नोटीस वाचली तेव्हा मला वाटलं, हे कुणा जाणत्या माणसानं लिहिलंय. म्हणजे खरंच असेल. दोन दिवस मी स्वतःवरच संशय घेतला. आपल्याच हातून काही होतंय की काय, म्हणून हात बघत बसायची.”

ती रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत महिपतराव उभे होते. त्यांना उत्तरादाखल एक वाक्य सुचलं. वाक्य चांगलं होतं. म्हणून त्यांनी ते वहीत लिहिलं नाही.