चुन्याच्या भट्टीवरची हाळी

पंजाबराव, ते घोंगडं खाली आण पाहू. हसून काय राह्यला? भट्टीच्या काठावर गरम लागते, मले ठाऊक हाये. म्हणूनच म्हणतो, खाली आण. बैल सुटले, भाकर झाली, आता इकडे विस्तवापाशी या सगळे. पहाटे गाड्या जुंपाच्या हायेत, पण मले काही झोप येत नाई, तं तुमालेबी थोडं जागवतो. एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाई बरं. माह्या बहिणीच्या पोराची, चंद्रभानची हाये. अन् त्यातला सकाळचा भाग मी माह्या डोळ्यानं पाह्यला हाये.

तीन वर्सं झाली असतीन. कापसाले तवा असा भाव होता का लोकं गादीतला कापूस काढून विकून राह्यले होते. सातासमुद्रापलीकडे कोणाची तरी लढाई जुंपली होती म्हणे, अन् इकडे आमचे बैल धावून धावून खंगले. आगगाडीचा रस्ता तवाच येत होता. काटेपूर्णेवर पुलाचं काम निघालं, अन् पुलाले लागे चुना. मी गाडीवान. भट्टीवरून चुना भरायचा अन् पुलावर गवंड्यायपाशी टाकायचा, हे माह्यं काम. चंद्रभान आधी माह्यासारखीच गाडी हाकत होता. मंग ठेकेदारानं त्याले भट्टीच्या जाळावर ठेवलं.

चुन्याची भट्टी म्हणजे नदीच्या दरडीत बांधेल दोन पुरुष उंचीची गोल विहीर. वरून चुनखडीचा कंकर अन् लाकडं भरायची, खालच्या तोंडातून, त्याले मोरी म्हणतात, जाळ घालायचा. चार दिवस, चार राती जाळ तुटू द्यायचा नाई. मंग खालून निघते तो कळीचा चुना. दिसाले गरीब, पांढरा. पण पाण्याचा थेंब लागला का उकळते. अंगाले घाम असला तरी चावते. डोळ्यात गेला तं डोळा गेला समजा. टोपल्या वाहणाऱ्या बायायच्या टाचा सोलेल राहत. ठेकेदाराले सांगतलं तं म्हणे, शेतात काटे बोचत नाई का तुमाले? त्याच्या बापाचं काय जात होतं म्हणा.

भट्टीवर गोवर्धन नावाचा एक जुना गडी होता. सारा जन्म चुन्यात गेलेला. बायको नाई, लेकरू नाई. भुवया जळून गेल्या होत्या, त्यानं चेहरा कसा उघडा उघडा दिसे. चंद्रभानले सारं त्यानंच शिकवलं. अंगाले आधी तेल लाव. डोक्याले फडकं बांध. चुना अंगावर पडला तं कोरडाच झटक, मंग तेल चोळ, पाणी लावू नको. अन् कितीबी थंडी असो, भट्टीच्या काठावर बुड टेकू नको. भट्टी श्वास सोडते, म्हणे. त्याले वास नाई, धूर नाई. माणूस गोड झोपते अन् झोपेतच जाते.

म्हणून भट्टीवाल्यायची एक रीत हाये. रातीच्या जाळावर दोन गडी. एक वर, एक खाली. घडी-घडीनं एकानं हाळी द्यायची, "जागतो का रे?" दुसऱ्यानं म्हणायचं, "जागतो." एका हाळीले उत्तर नाई आलं तं दुसरी. दुसरीले नाई तं तिसरी. तिसरीलेबी नाई आलं तं हातातलं टाकून धावायचं अन् त्याले काखेत हात घालून भट्टीपासून दूर ओढायचं. मेला का जिता, ते मंग पाहायचं. मी राती गाडी घेऊन गेलो का लांबूनच ती हाळी ऐकू ये. त्या ओसाड काठावर दोन माणसं एकमेकाले इचारून राह्यले हायेत, एवढंच. पण बरं वाटे ऐकून.

मार्गशीर्षात गोवर्धन गेला. सांगतो कसा गेला. खालच्या मोरीतून चुना काढून राह्यला होता. आत अडकेल ढीग एकदम सुटला अन् त्याच्या डोक्यापासून छातीलोक चुनाच चुना. आता पाहा, चंद्रभान शेतकऱ्याचा पोरगा. कडब्याच्या गंजीले आग लागली का आपण काय करतो? घागर उचलतो. त्यानंबी तेच केलं. गोवर्धन ओरडत होता, पाणी नको रे, पाणी नको. पण याचे हात कुठी थांबतात. घागर ओतली गेली.

चुना अंगावर उकळला, बाप्पा. अजून काय सांगू.

दोन दिवस जिता होता. डोळे गेले होते. झोपडीत पडल्या पडल्या रातभर हाळी देई, "जागतो का रे?" अन् चंद्रभान भट्टीवरून रडत रडत म्हणे, "जागतो, बाबा." दुसऱ्या राती हाळी बंद झाली. अग्नी द्याले कोणी नव्हतं. चंद्रभाननंच देला.

त्यानंतर रातीच्या जाळाले दुसरा गडी मिळेना. सारे लोकं कापसाच्या गाड्यायवर. ठेकेदारानंबी मनावर घेतलं नाई. म्हणे, एका माणसाच्या हातानं लाकूड जळत नाई का? चंद्रभान एकटाच राह्यला. दिवसा कोणाशी बोले नाई. मी इचारलं, सोडून काहून देत नाई रे? तं म्हणे, मामा, तो माह्या हातून मेला, मी कोणत्या तोंडानं सोडू?

आता ती रात ऐका. पौषातली वद्य सप्तमी. चंद्रभानची बायको रुख्मिणी माहेरी होती, दोन कोसावर. तिले पहिला पोरगा झाला होता अन् दुसऱ्या दिवशी बारसं. बापानं अजून पोराचं तोंड पाह्यलं नव्हतं. ठेकेदार म्हणे, आजची रात जाळ सांभाळ, सकाळी पुंजाराम चुना भराले येईन, मंग जा. तो पुंजाराम म्हणजे मी. एका रातीचाच प्रश्न होता. नवं धोतर घडी करून झोपडीत ठेवेल होतं त्यानं.

यापुढचं मले चंद्रभाननं सांगतलं तसंच सांगतो.

दिवस बुडाला तसा वारा सुटला. मोरीपुढं बसलं का तोंड भाजे अन् पाठ गारठे. चांद अर्ध्या रातीशिवाय निघणार नव्हता. वर कंकर किती खचला ते पाहाले तो पायऱ्यायनं वर चढला. वरून लांब एक दिवा दिसला. सासुरवाडीच्या अंगाले. त्याले वाटलं, ते आपलंच घर हाये. आत रुख्मिणी पोराले घेऊन निजली असन. दिवा पाहत पाहत तो काठावर बसला. घडीभर बसतो अन् उतरतो, म्हणे. घोंगडं पायावर घेतलं. दगड असे ऊन होते का हाडं सैल झाली.

शेतावरची दोन कुत्री आली अन् त्याच्या पायापाशी मुटकुळं करून बसली. त्यालेबी बरं वाटलं. महिनाभरानं कोणीतरी जवळ बसलं होतं.

किती वेळ गेला, ठाऊक नाई. दिवा दोन दिसाले लागले. मंग एक. मंग दिसेना.

तवा खालून हाळी आली.

"जागतो का रे?"

चंद्रभान म्हणे, मामा, तोंडात 'जागतो' आलंच होतं. जिभेले सवय होती. मंग आठवलं. खाली कोणी नाई. मीच एकटा हावो.

आवाज ओळखीचा होता. गोवर्धन मोरीपाशी वाकून बोले तं आवाज असा घुमून वर येई...

आता तुमाले ठाऊक हाये, आपल्याकडे काय सांगतात. राती अनोळखी हाक आली तं ओ देऊ नये. ओ देली का तो घेऊन जाते. अन् भट्टीची रीत काय म्हणते? ओ देलीच पाहिजे. चंद्रभान दोहीच्या मधात सापडला. त्याच्या मनात एकच आलं. हा बदला घ्याले आला. मी त्याले उकळून मारलं, आता हा मले नेते. अन् उद्या माह्या पोराचं बारसं हाये.

त्यानं तोंडावर हात दाबला.

"जागतो का रे..."

दुसरी. जरा वरून. पायऱ्यायपाशी.

कुत्री भुंकली नाई. कानबी टवकारले नाई.

त्यानं उठाले पाह्यलं. पाय उठेनात. पाय होते का नव्हते, तेच समजेना. घोंगडं जड झालं. डोळे मिटून येत. एवढं भेव, अन् झोप येते... असं कसं?

मंग बराच वेळ काही नाई.

वारा पडला होता.

तिसरी हाळी कानापाशी आली. हळू. एखाद्या निजल्या लेकराले उठवावं अशी.

"जागतो का रे...?"

चंद्रभाननं ओ देली नाई.

...

पायाचा आवाज. भट्टीवाले पायाले गोणपाट बांधतात. तो घासत घासत येते तसा.

जवळ.

मागं थांबला.

दोन हात काखेत शिरले. गरम. मंग त्याले काही आठवत नाई.

मी उजाडताना गाडी घेऊन पोचलो. मोरीतला जाळ विझाले आलेला. हाका मारल्या, कोणी बोलेना. वर चढून पाह्यलं तं काठावर घोंगडं पडेल, अन् त्याच्यावर दोन कुत्री. हात लावला. लाकडासारखी ताठ. अंगावर ओरखडा नाई, तोंडाले फेस नाई. निजल्यासारखी मेली होती. म्हटलं, गेला आपला चंद्रभान.

तो साठ पावलं दूर पळसाखाली सापडला. उताणा. थंडीनं ओठ निळे, पण श्वास चालू. मी गालावर दोन मारल्या तं डोळे उघडले.

भट्टीभोवती चार बोटं राखोडा साचेल राहते, त्यात मुंगीचीबी वाट दिसते. मी गाडीवान माणूस, चाकोरी वाचूनच पोट भरतो. राखोड्यात दोन घसटा होत्या, पायऱ्यायपासून तं पळसालोक. चंद्रभानच्या टाचा ओढत गेल्याच्या. ओढणाऱ्याचं पाऊल कुठी नव्हतं. मी तीन खेपा पाह्यलं. नव्हतं.

त्यानं मले सारं सांगतलं अन् लहान पोरासारखा रडला. भेवानं नाई. म्हणे, "मामा, मी त्याले ओ देली नाई. त्यानं तीनदा इचारलं अन् मी तोंड दाबून बसलो. तो मारतो म्हणून भेलो मी. अन् तो तं रीत पाळाले आला होता."

मी म्हटलं, "चाल, उठ. बारसं हाये."

"थांबा थोडं," म्हणे. धडपडत मोरीपाशी गेला. वाकला. दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडला, "जागतो, बाबा. जागतो मी." मंग कान लावून बसला. मी बैलायपाशी उभा राह्यलो. त्यानं पुन्हा हाळी देली. आणखी एकदा देली. दिवस कासराभर वर आला तरी तो तसाच वाकून बसेल होता. आतून आवाज आला नाई. एखादा माणूस मेल्यावरबी एवढा एकटा राहू शकते का रे? मले ते पाहवत नव्हतं. शेवटी मीच त्याले धरून गाडीत घातला.

बारशाच्या घरी पार्बताबाईनं, म्हणजे त्याच्या सासूनं, जावयाले आंघोळीले ऊन पाणी काढलं. त्यानं सदरा काढला अन् ती बाई तांब्या टाकून मागं सरली. मी जाऊन पाह्यलं. दोन्ही काखेखाली, बरगड्यायवर, पाच अन् पाच बोटं उठेल होती. पांढरी. चुन्याचा चटका म्हणावा तं चटका लाल असते, फोड येते, खपली धरते. याले फोड नाई, दुखणं नाई. घासलं, निघालं नाई.

चंद्रभान परत भट्टीवर गेला नाई. आता शेती करते. पोरगा तीन वर्साचा हाये, बापाच्या खांद्यावरून उतरत नाई.

मागच्या पौषात मी त्याच्याकडे मुक्कामी होतो. पहाटेची आंघोळ विहिरीवर केली आमी. थंडी अशी, का दात वाजून राह्यले होते. त्याचं सारं अंग गारठेल, काटा उभा. ती बोटं तशीच पांढरी दिसत होती. मी इचारलं, हात लावू का? तो म्हणे, लावा.

मी लावला. ती दहाच्या दहा बोटं गरम होती.