सुपारीएवढा तारा

सूर्याच्या अगदी मधोमध एक माणूस उभा होता… आणि निवांत शहाळ्याचं पाणी पीत होता!

डेल्सीने कपाळाला हात लावला. चिवल्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत, दोरी आणि काठी घेऊन तिने केवढ्या मेहनतीने ते वर्तुळ आखलं होतं. आणि त्यात हा!

"अहो— तुम्ही सूर्यात उभे आहात."

त्याने आधी पायांखाली पाहिलं. मग तिच्याकडे. चांगलंच वर पाहावं लागलं त्याला.

"तरीच," तो म्हणाला, "मघापासून पाय भाजतत."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण हसली.

डेल्सी मालवणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. विज्ञान दिनाला मुलांना ग्रहताऱ्यांची मापं डोळ्यांसमोर उभी करून दाखवायची, म्हणून ही तालीम चालली होती. तिने मूठ उघडली. तळहातावर एक सुपारी होती.

"ही पृथ्वी. या मापाने सूर्य एवढा. आरपार रांग लावायची तर शंभरावर सुपाऱ्या लागतील."

"आणि ग्रहांत सगळ्यात मोठो कोण?"

"गुरू." तिने त्याच्या हातातल्या शहाळ्याकडे बोट दाखवलं. "तो तुम्ही पिताय."

त्याने घाईघाईने तोंडातली नळी काढली. "देवा… अर्धो संपलो की!"

त्याचं नाव एल्रॉय. लग्नांचे, चर्चच्या फेस्ताचे मंडप सजवायचा. नाताळात त्याने केलेले कागदी तारे वेंगुर्ल्यापर्यंत जायचे. पाणी चढायला लागलं तसा तो म्हणाला, "वाळूतलो सूर्य भरतीक जातलो. मी तुमका उभो सूर्य करून दितंय. बांबू आणि पिवळा कापड."

"पण तारे गोल असतात हं. पाच टोकांचे नव्हे."

"आता सांगतंस?" तो 'तुमका' विसरलाच. "आजवर इतके विकलंय!"

मग शाळा सुटली की डेल्सीची स्कूटर आपोआप त्याच्या शेडकडे वळायला लागली. तो बांबूच्या कामट्या वाकवायचा, ती दुसरं टोक धरायची. कामट्या बांधताना बोटांना बोटं लागायची, आणि दोघंही सुतळीत फार लक्ष असल्यासारखं करायची…

"सूर्यच मोठो मा सगळ्या ताऱ्यांत?" एकदा त्याने विचारलं.

"छे रे! ज्येष्ठा नावाचो तारो आसा. आपल्या सुपारीच्या मापान तो दोन किलोमीटर भरात. चिवल्यापासून बंदरापर्यंत सगळो बाजार त्याच्या पोटात!"

"मगे एवढ्या मोठ्याक लाज नाय वाटत?"

"लाज कसली?"

"ताच तर इचारतंय." तो हातातली सुतळी खाली ठेवून तिच्याकडे पाहत होता. "माझ्याबरोबर चलताना तू वाकून कित्याक चलतंस?"

कॉलेजात पोरं डेल्सीला 'माड' म्हणायची. दोन स्थळं आली, तिच्याशेजारी उभी राहिली, आणि पुन्हा फिरकली नाहीत. तेव्हापासून खांदे आपोआप पुढे यायचे. एल्रॉय तर तिच्या खांद्याला लागायचा.

"मी काय आता वाढाचंय नाय, डेल्सी," तो हळूच म्हणाला. "मगे तू कित्याक कमी होतंस?"

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला उगाचच गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

विज्ञान दिनाला पिवळा सूर्य शाळेच्या मैदानात उभा राहिला. मुलं पृथ्वी हातात घेऊन त्याच्यापुढे धावत होती, गुरूचं शहाळं कोण धरणार यावरून भांडत होती. डेल्सी आणि एल्रॉय शेजारी उभे राहून हे सगळं पाहत होते. तेवढ्यात तिची तेरेझा मावशी पुढे आली. दोघांना आपादमस्तक न्याहाळून मोठ्याने म्हणाली, "अगो बाय! माडाबाजूक लाजाळूचा झाड!"

भोवतालच्या बायका खो खो हसल्या. आणि डेल्सी… डेल्सी एक पाऊल बाजूला झाली.

"तो फक्त मंडपवाला आहे, मावशी. कामाला आलाय."

एल्रॉय फक्त किंचित हसला, पक्कड खिशात टाकली आणि गेला.

रविवारपर्यंत त्याने फोन उचलला नाही. मग कुणाकडून तरी कळलं, धामापूरला तळ्याकाठी एका लग्नाचं काम चाललंय. भर दुपारी डेल्सी तिथे पोचली. एल्रॉय उंच शिडीवर चढून झालर बांधत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एका पुरुषाकडे मान वर करून बघावं लागत होतं.

"खाली ये."

"काम आसा. मंडपवाल्याक कामा असतत."

"मगे मी हयसूनच बोलतंय." शिडी धरणारा गडी गालात हसत होता, पण ती थांबली नाही. "त्या दिवशी मी घाबरलंय. लोकांच्या हसण्याक. चुकलंय मी, एल्रॉय."

वर झालर तशीच लोंबत राहिली.

"आणि एक सांगाचा रवला. सगळे तारे ग्रहांपेक्षा मोठे नसतत. व्याधाच्या ताऱ्याक एक जोडीदार आसा. आकारान पृथ्वीएवढोच, म्हणजे आपली सुपारी. पण वजन? अख्ख्या सूर्याएवढा! आणि तो ज्येष्ठा, एवढो अवाढव्य, तो नुसतो विरळ वायू."

एल्रॉय एकेक पायरी खाली उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला. दोघांचे डोळे अगदी समोरासमोर आले.

"म्हणजे मी लहान आणि जड?"

"जड नाय रे…" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "भारी."

तो इतक्या मोठ्याने हसला की तळ्यावरचे बगळे उडाले. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "परत एकदा म्हण."

"भारी. खूप भारी. आणि माका… माका खूप आवडता तो."

पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या दारात, सगळ्या माणसांच्या देखत डेल्सीने एल्रॉयचा हात धरला आणि त्याला थेट आईसमोर नेऊन उभं केलं. तेरेझा मावशीने तोंड उघडलं. आईने तिच्याकडे असं काही पाहिलं की ते तसंच मिटलं.

"मम्मी, हो एल्रॉय."

आईने त्याला नीट पाहून घेतलं. त्याचं घामेजलेलं कपाळ, इस्त्रीचा शर्ट, आणि आपल्या लेकीचा ताठ, आनंदी चेहरा.

"सुंगटाची कडी खातंस मा, झिला?"

"खातंय, आंटी."

"मगे चल. आता एका माणसाचो भात जास्ती टाकूक व्हयो."