बरं वाटू नये म्हणून

त्याचे केस उजवीकडून कापून झाले होते, डावीकडचे राहिले होते, आणि नेमकी तेव्हाच तिची पाठ धरली.

धरली म्हणजे कशी — मानेवरची बारीक लव नीट दिसावी म्हणून ती वाकली, आणि वाकली ती वाकलीच. वर येता येईना, खाली जाता येईना. सलूनमध्ये सगळे तिला 'कात्री' म्हणत. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, हे ज्याचं त्याने ठरवावं. तर ही कात्री एका अनोळखी गिऱ्हाइकाचा खांदा घट्ट धरून, दातओठ खात म्हणाली, "हलू नका हं… अजिबात हलू नका."

"मी कुठे हलतोय?" तो आरशातून म्हणाला. "हलायचं तुम्हाला आहे. पाठ ना? थांबा, मी फिजिओथेरपिस्ट आहे."

"आणि मी राजकन्या," ती कण्हत म्हणाली.

पण तो खरंच होता. गळ्याभोवतीचं कापड तसंच, डोक्यावर डावीकडचं रान तसंच, आणि त्याने तिला अलगद फरशीवर निजवलं, तिच्या पोटऱ्या खुर्चीवर टेकवल्या. "श्वास सोडा. धरून ठेवू नका, कुणी चोरत नाहीये." वरून ते अर्धं डोकं तिच्याकडे इतक्या गंभीरपणे बघत होतं की तिला हसू फुटलं, आणि हसलं की कळ यायची.

सलून तिच्या सख्ख्या मावशीचं. ती धावत आली. "वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, कुणाला तरी दाखव, दाखव!"

"दाखवतेय की, मावशी. अख्ख्या सलूनला."

मावशीने त्याचे उरलेले केस कापायला कात्री उचलली, तर तो मान हलवून म्हणाला, "नको. ज्यांनी सुरू केलंय त्यांनीच संपवावं. आधी त्यांना उभं राहू दे." आणि चौकातल्या आपल्या दवाखान्याचा पत्ता सांगून, टोपी चढवून चालू लागला.

वर्षभर तिने काय काय केलं नव्हतं! मलमं चोळली, पट्टे आवळले, गरम पाण्याच्या पिशव्या घेतल्या. एक गिऱ्हाईक सांगे जमिनीवर झोप, दुसरं सांगे जमिनीला पाठ लावू नकोस. तिने दोघांचंही ऐकलं. दुखणं मात्र जागचं हललं नाही.

शेवटी ती चौकातल्या त्याच्या दवाखान्यात गेली. मग तो तिला काम करताना बघायला एकदा मुद्दाम सलूनमध्ये आला. टोपी घालूनच.

"तुम्ही खुर्ची वर का घेत नाही?" त्याने विचारलं. "पायाने दाबली की वर येते ती."

"गिऱ्हाईक घाईत असतं हो. तेवढा वेळ कुणाला आहे? मीच वाकते."

"गिऱ्हाईक घरी जातं. पाठ तुमच्याबरोबर राहते."

  मग मंगळवार आणि शुक्रवार दवाखान्यात व्यायाम सुरू झाले. मांडीमागच्या शिरा ताणायच्या, पोट आत घेऊन कंबर उचलायची, गुडघ्यातून वाकायला शिकायचं. सलूनमध्ये ती खुर्ची वर घेऊ लागली.

"दहापर्यंत मोजा," तो म्हणायचा.

"तुम्हीच मोजा. तुमचा आवाज बरा आहे."

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता?"

"नाही हो. बाकीच्यांकडून त्याचे पैसे घेते."

ती बिनत्रास उभी राहू लागली त्या दिवशी पहिलं काम म्हणजे त्याचं डावं डोकं. बाहेर पाऊस काचेवरून ओघळत होता. तिने त्याचा कान हलकेच पुढे दुमडला, कात्री चालवली, मानेवर पडलेले केस फुंकरीने उडवले… आणि थांबली.

"कान लाल झालाय तुमचा."

"गार वारा आहे."

"खिडकी बंद आहे," ती म्हणाली, आणि आरशात दोघांची नजर एकमेकांना भिडली, ती लवकर सुटलीच नाही. त्या दिवसापासून ती त्याच्या प्रेमात होती आणि तिला ते स्वच्छ ठाऊक होतं. गोंधळायचा तिचा स्वभावच नव्हता.

मग एका सकाळी तिच्या हातून कंगवा पडला. तिने वाकून उचलला, सरळ झाली, केस विंचरायला लागली, आणि मग तिच्या लक्षात आलं. दुखलंच नव्हतं! वर्षभराचं दुखणं गेलं होतं. खरं तर तिने नाचायला हवं होतं. पण ती कंगवा हातात धरून वार मोजू लागली. पाठ बरी, म्हणजे मंगळवार बंद, शुक्रवार बंद.

त्या संध्याकाळी त्याने नेहमीसारखं विचारलं, "कसं वाटतंय?"

"आहे हो… थोडं आहे अजून," तिने बेधडक ठोकून दिलं.

खोटं बोलायला तिला काही अडचण नव्हती. पण न दुखणारी जागा लक्षात ठेवणं महाकठीण. एका मंगळवारी तिचं उजवीकडे दुखलं, शुक्रवारी डावीकडे, पुढच्या खेपेला थेट खांद्याखाली. तो गप्प होत गेला. थट्टा आटली. तो तिची पाठ पुन्हा पुन्हा तपासायचा, नवे व्यायाम द्यायचा, कपाळाला आठ्या घालून नुसताच उभा राहायचा. कंटाळला की काय मला, असं तिच्या मनात येऊ लागलं.

शेवटी एका शुक्रवारी तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हाला आमच्या मोठ्या मॅडमकडे पाठवतोय. उद्यापासून त्या बघतील. एमआरआयही करून घ्या."

"का? तुम्हाला काय झालं?"

"माझ्याकडून होत नाहीये. दुखणं जागा बदलतंय आणि मला त्याचं कारण कळत नाहीये. बाकीच्या पेशंटना हात लावतानाही हल्ली शंका येते… माझंच काहीतरी चुकतंय."

ती सलूनमध्ये परतली ती तणतणतच. आल्या आल्या शांपूचं भरलेलं खोकं उचलून फडताळावर ठेवलं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पाठ दुखतेय ना गं तुझी?"

ती खोक्याकडे बघत राहिली. मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. तिला वाटलं मावशी हसेल. मावशी हसली नाही.

"बाकी हवं ते खोटं बोल. पण कुणाच्या हाताला कमीपणा येईल असं बोलू नकोस, बाई. मागे एक मुलगी तुझ्या खुर्चीत रडली होती, तू केस बिघडवलेस म्हणून. दोन दिवस जेवली नव्हतीस तू."

तिने छत्रीही घेतली नाही.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा तो दिवे मालवायच्या बेतात होता. तिच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

"माझी पाठ दुखत नाही," ती दारातूनच म्हणाली. "बरेच दिवस झाले. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, कुठेच नाही. तुम्ही बरी केलीत. मी खोटं बोलत होते."

तो बघतच राहिला. मग त्याचा चेहरा कठोर झाला. "तुम्हाला कल्पना आहे? मी हे काम सोडायचा विचार करत होतो!"

"एवढं नव्हतं माहीत. तुमची शंका माझ्यामुळे आहे, हे मात्र कळलं. म्हणून धावत आले. तुमच्या हातांत काही खोट नाही. खोट माझ्यात होती."

"पण का? कशासाठी?"

"बरी झाले असते तर तुम्ही भेटला नसता." तिने ओठ दाबले, पण नजर हटवली नाही. "तुम्ही आवडता मला. खूप. झालं सांगून. आता हवं तेवढं रागवा."

तो तपासणीच्या पलंगावर मटकन बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून ती घाबरून पुढे झाली, तर हा हसतोय!

"पेशंटला विचारता येत नाही हो," तो कसाबसा म्हणाला. "आमच्यात चालत नाही ते. मी तुम्ही बऱ्या व्हायची वाट बघत होतो… रोज. आणि तुम्ही काही बऱ्याच होईनात!"

"आणि मी इथे कण्हायचा सराव करतेय!"

त्याने डोळे पुसले, फोन उचलला. "मॅडम, उद्याची ती पेशंट येणार नाही… हो, बरी झाली… हो, पूर्ण." जरा थांबला. "मी केली." हे दोन शब्द त्याने असे काही ताठ मानेने म्हटले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

फोन ठेवून तो उभा राहिला. "आता तुम्ही माझ्या पेशंट नाही."

"नाही."

"मग… मंगळवार आणि शुक्रवार मला पुरणार नाहीत. बाकीचे वारही दे ना."

एरवी तिने यावर काहीतरी चटपटीत सुनावलं असतं.  आज मात्र तिने नुसती 'हो' म्हणून मान हलवली. आणि त्याला दिसली नसेल म्हणून पुन्हा एकदा हलवली.